तळं भरून द्या

माझी झुंबरआत्या आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या तळघरात, गाड्यांच्या पार्किंगमध्ये, रविवारी भर दुपारी बुडून मेली.

आता, असं काही झालेलं नाही. पार्किंग कोरडं ठणठणीत होतं. पोलिसांनी फरशीला हात लावून खात्री करून घेतली. सेक्रेटरींनी तर वाकून स्वतःचा रुमाल फिरवून दाखवला आणि रुमालाला नुसती धूळ लागली. कोरड्या जागी माणूस बुडत नाही. तेव्हा वरचं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजू आणि किल्लीपासून सुरुवात करू.

किल्ली वर्तक सरांची. वर्तक सर म्हणजेच ते सेक्रेटरी. जन्मभर विमा कंपनीत नोकरी केलेली, त्यामुळे कुठलीही गोष्ट घडली की ती घडलेली नाही हे सिद्ध करायची त्यांना सवय होती. आत्या जायच्या काही आठवडे आधी, एका सकाळी ते सोसायटीच्या ऑफिसात आले तेव्हा चेहरा मात्र उलटा होता. काहीतरी घडलं आहे हे त्यांना सिद्ध करायचं होतं.

"रोहिदास, ऊठ. खाली चल."

"सर, टँकर यायचाय."

"टँकर थांबेल. चल म्हणतो ना."

आमच्याकडे पहिल्या तळघराला पी-वन आणि त्याच्या खालच्याला पी-टू म्हणत. आम्ही पी-टूत उतरलो. सरांनी गाडीची किल्ली खांद्याएवढी उंच धरली, माझ्याकडे बघितलं आणि सोडली.

किल्ली खाली निघाली. पडली असं म्हणवत नाही, निघाली. आधी डावीकडे कलली, मग उजवीकडे, मग स्वतःभोवती एक गिरकी घेतली. विहिरीत टाकलेलं नाणं जसं नजरेसमोरून सावकाश तळाला जातं, तशी जाऊन फरशीवर टेकली. आवाज झाला नाही. थोडी धूळ उठली आणि तिथेच लोंबकळत राहिली.

"काय दिसलं?"

"किल्ली पडली, सर."

"कशी पडली?"

"सावकाश."

सरांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे मला एकट्यालाच नाही."

"तक्रार नोंदवू का, सर?"

"कोणाविरुद्ध?"

"गुरुत्वाकर्षणाविरुद्ध. 'इतर'मध्ये टाकतो."

सर हसले नाहीत. मीही हसलो नव्हतो. माझं काम तेच होतं. पद फॅसिलिटी एक्झिक्युटिव्ह. लोक ॲपवर तक्रार टाकत आणि मी 'आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली आहे' असं उत्तर टाकत असे. घेतलेली दखल पुढे कुठे ठेवायची हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

सोसायटीचं नाव सरोवर एम्पायर. सरोवर नव्हतं, आणि एम्पायरबद्दल मी काही बोलू शकत नाही. ती उभी होती ती जमीन म्हणजे आमचं गाव, मोहरवाडी. शहर वाढत वाढत आमच्यापर्यंत आलं तेव्हा आम्ही घरीच होतो, त्यामुळे सापडलो. जमिनीच्या बदल्यात आत्याला सोसायटीत एक फ्लॅट मिळाला आणि मला ही नोकरी. आत्याला मूल नव्हतं आणि मला अक्कल नव्हती, म्हणून घरच्यांनी आम्हा दोघांना एकत्र ठेवून दिलं होतं.

पी-टू बांधलं तेव्हापासून त्यात पाणी झिरपायचं. भिंतीतून यायचं, खांबाच्या बुडातून यायचं. ते उपसायला मोठा पंप बसवला होता. तो दिवसरात्र पाणी ओढून मागच्या गेटबाहेर गटारात सोडायचा. त्याच वेळी पुढच्या गेटने टँकर आत यायचे, कारण सोसायटीला पाणी नव्हतं. या दोन पाण्यांची एकमेकांशी गाठ पडू नये याची व्यवस्था पाहणं, हाही माझ्या कामाचाच भाग.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी पंपाला ओढायला नुसती हवाच उरली. खालचं पाणी संपलं होतं. आसपासच्या सगळ्या बोअर आधीच गेल्या होत्या, आता जमिनीच्या पोटातलं जे काही होतं तेही गटारात गेलं. सरांनी पेढे वाटले. पंप बंद केला. पी-टू इतिहासात पहिल्यांदा कोरडं झालं.

आणि किल्ल्या सावकाश पडू लागल्या.

मग केसांच्या तक्रारी आल्या. बायका पी-टूत गाडीतून उतरल्या की मोकळे केस वर उठत आणि डोक्याभोवती हळूहळू हलत राहत. छताला कवडसे दिसत, उन्हात पाण्याची बादली ठेवली की भिंतीवर पडतात तसे डुलणारे, आणि पी-टूत ऊन येण्याचा संबंध नाही. एकाच्या पांढऱ्या गाडीला दाराच्या उंचीवर चिखल लागला. कोणीतरी अंग घासून गेल्यासारखा, मध्ये मध्ये राठ काळे केस चिकटलेले. मी तो पुसून घेतला. वास म्हशीचा होता. मी लिहिलं, 'आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली आहे.'

लिंबाजी वॉचमनने खालची ड्यूटी करायला नकार दिला.

"का रे?"

"साहेब, मला पवाया येत न्हाई."

"तिथे पाणी कुठंय, लिंबाजी?"

"म्हणून तर! पाणी असतं तर माणूस सांभाळून तरी ऱ्हायला असता." तो बीडकडचा. गावाला प्यायचं पाणी नाही म्हणून शहरात आलेला. "तिकडं पाणी न्हाई म्हणून हिकडं आलो. आता हिकडं बिनपाण्याचं बुडून मरू काय? घरी काय कळवताल?"

"आणखी काय होतं खाली?"

तो जवळ सरकला. "बाया धुणं धुत्यात. धप्प, धप्प. बॅटरी मारली की थांबत्यात. बंद केली की परत धप्प."

"कुठून येतो आवाज?"

"त्या बी-चौदाच्या खांबाकून."

संध्याकाळी आत्या भाकऱ्या करत होती. मी जेवता जेवता सगळं तिला गंमत म्हणून सांगितलं. किल्ली, केस, म्हैस. ती थापत राहिली. धुण्याचा आवाज सांगितला तेव्हा तिचा हात परातीतच थांबला.

"कंच्या अंगाला?"

"बी-चौदाच्या खांबाकडे."

"ते बीचं मला नगं सांगू. उगवतीला का मावळतीला?"

मी विचार केला. "मावळतीला. कोपऱ्यात."

"तितंच हुता धुणदगड." तव्यावरची भाकरी करपली तरी तिने उलटली नाही. "आलं म्हन की."

"कोण?"

"तळं."

हे मला आधीच सांगायला हवं होतं, पण आमच्या गावात ते सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे सांगायची सवय नाही. जिथे सोसायटी आहे तिथे मोहरवाडीचं तळं होतं. मी लहान असताना मोठा दुष्काळ पडला आणि ते आटलं. नुकतंच गाव शहरात घेतलं होतं. एक मोठे साहेब लोकांच्या मागण्या ऐकायला आले. सभा तळ्याच्या काठावर, वडाखाली. आत्या तेव्हा गावची पुढारीण होती. ती उठली, कोरड्या तळ्याकडे हात केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "साहेब, आमचं तळं भरून द्या."

साहेब म्हणाले, "दिलं."

एवढ्या चटकन मागणी मान्य झालेली गावाने कधी पाहिली नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोड्याच दिवसांत ट्रक सुरू झाले. पहिल्या ट्रकपुढे गावाने नारळ फोडला. ट्रकमध्ये पाडलेल्या इमारतींचा राडारोडा होता. लोकांना वाटलं, बांध दुरुस्त करत असतील. दुसऱ्या ट्रकलाही तसंच वाटलं. शहरात तेव्हा जिकडेतिकडे पाडापाडी चालली होती, सगळा राडारोडा टाकायचा कुठे हा साहेबांपुढे प्रश्न होता आणि आमच्या गावाने तो स्वतः होऊन मागितला होता. तळं भरून दिलं. अगदी काठोकाठ.

वर समारंभ केला. आत्याला व्यासपीठावर बसवलं, शाल दिली आणि माईकवर सांगितलं की, ज्यांच्या मागणीवरून हे तळे भरण्यात आले त्या झुंबरबाई. गाव तिला तेव्हापासून तळंभरी म्हणायला लागलं. तोंडावर म्हणायचे, हसत म्हणायचे, पण म्हणायचे.

मग तिने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. एकच मागणं, माझं बोलणं परत घ्या. एका कारकुनाने तिला नीट समजावून सांगितलं होतं, "आजी, मागणी नामंजूर झाली असती तर मागे घेता आली असती. मंजूर झालेली कशी मागे घेणार?"

"आत्या," मी म्हणालो, "तळं नाहीये खाली. पाण्याचा थेंब नाही."

"पाणी कशाला पायजे? पाणी तुमी गटारीत सोडलं. तळं कुटं जाईल?"

तिने करपलेली भाकरी माझ्याच ताटात टाकली.

"त्यानं ऐकलं हुतं, रोह्या. मी त्याच्याकडं हात करून बोलले हुते. त्याला वाटलं आसंल, हिनंच सांगितलं बुजवा म्हणून. त्याला सांगाया पायजे. मरायच्या आत येकदा तेवढं सांगाया पायजे."

"काय सांगणार?"

"पाण्यानं म्हणायचं ऱ्हायलं म्हणून."

त्याच आठवड्यात सोसायटीची तातडीची सभा भरली. क्लबहाऊस गच्च. वर्तक सरांनी प्रास्ताविकात 'पी-टूमधील वातावरणविषयक अडचण' असा शब्द वापरला, तो सगळ्यांना आवडला.

"माझ्या मिसेसचे केस अजून खाली आलेले नाहीत," एकजण म्हणाला. मिसेस शेजारीच होत्या. घट्ट अंबाडा, वरून स्कार्फ.

"याचा फ्लॅटच्या किमतीवर परिणाम होईल का?"

"ही बाब बाहेर गेली नाही तर होणार नाही," सर म्हणाले.

मागून एक तरुण म्हणाला, "आपण याला स्विमिंग पूल दाखवू शकतो का? ब्रोशरमध्ये होता, दिलेला नाहीये."

यावर बराच वेळ गांभीर्याने चर्चा झाली. पाण्याशिवाय पूल म्हणता येईल की नाही यावर मतं विभागली गेली. शेवटी सरांनी हात वर केला.

"उपाय एकच. पी-टू भरून टाकायचं. कॉन्ट्रॅक्टरशी बोलणं झालंय, सोमवारी काम सुरू. गाड्यांची सोय बाहेर करू. मंजूर?"

हात वर गेले. आत्या शेवटच्या रांगेतून उठली. तिला सभेत कोणी कधी बोलताना ऐकलं नव्हतं. जमिनीच्या बदल्यात फ्लॅट मिळालेल्या माणसांनी सभेत यायचं असतं, बोलायचं नसतं, असा एक न लिहिलेला नियम होता.

"कशानं भरणार?"

सगळे मागे वळले.

"म्हणजे?" सरांनी विचारलं.

"भरणार, ते कशानं?"

"मुरमाने, मावशी. वरून काँक्रीट."

"इचारून ठेवलं. मागच्या टायमाला ऱ्हायलं हुतं." ती खाली बसली आणि मला कोपराने ढोसून म्हणाली, "सोमवारपास्नं त्यांचं. म्हन्जी रविवार माझा."

मी काय काय केलं नाही! रविवारी सकाळी लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद असल्याची पाटी लावली. आत्या जिन्याने उतरली. मग मी तळघराकडच्या जिन्याच्या दाराला कुलूप घातलं. आत्या फाटकाला वळसा घालून गाड्यांच्या उताराने निघाली. तिला तो उतार मुळी परकाच नव्हता. पी-टूच्या तोंडाशी 'तळघर २' अशी पाटी होती आणि ती तिने बिल्डरने प्रामाणिकपणे लावलेली मानली होती. तळघर, म्हणजे तळ्याचं घर. इतकी वर्षं ती समजत होती की निदान घराचं नाव तरी त्यांनी राखलं.

हातात तिच्या ओटीचं ताट. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. पूर्वी पावसाळ्यात तळं तुडुंब झालं की गावातल्या सवाष्णी त्याची ओटी भरत. आत्याला नवऱ्याने कधीच टाकलं होतं, पण तो कुठेतरी जिवंत असल्याची खबर असल्यामुळे तिचा तो हक्क शाबूत होता. नवऱ्याचा तेवढाच उपयोग झाला, असं ती म्हणायची.

"आत्या, उद्यापासून इथे काही नसणार आहे. मग कशाला?"

"म्हणूनच."

"तुला काही झालं तर?"

"झालं तर झालं. तुला भाकरी येतीच की करपवाया."

दुपारची जेवणं होऊन सोसायटी झोपली होती. लिंबाजी उताराच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसला होता. आत्याला पाहून उठला आणि, का कोण जाणे, डोक्यावरची टोपी काढली.

"मी येतो बरोबर," मी म्हणालो.

"ये. पण मागं ऱ्हा."

उतार जिथे संपतो तिथे एक रेष होती. दिसत नव्हती, पायाला कळत होती. आधी घोट्यांना गारवा आला. मग गुडघ्यांना. फरशी कोरडी, पायजमा कोरडा आणि तरी पुढचं पाऊल टाकायला जोर लागत होता. छातीपर्यंत गारवा आला तेव्हा मी श्वास रोखला. मग आठवलं की इथे हवा आहे. घेतला. येत होता. पण प्रत्येक वेळी घ्यावा की नाही असा प्रश्न पडायचा.

आत्याचा पदर उठून तिच्या मागे तरंगायला लागला. पांढरी वेणी सुटून वर गेली. ती अंग पुढे झुकवून, हातांनी काहीतरी बाजूला सारत चालत होती, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना मी पाण्यात चालताना कधी पाहिलेलं नसूनही ते तसंच असणार हे मला कळलं. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या. हिरवट उजेडात त्या कोणीतरी फेकून दिलेल्या आणि कधीच्या तळाला जाऊन बसलेल्या वस्तूंसारख्या दिसत होत्या. छताच्या पाइपांजवळ एक रॉकेलचा रिकामा डबा तरंगत होता. त्याला सुंभाची दोरी बांधलेली होती. पूर्वी पोरांना पोहायला शिकवताना पाठीला बांधायचे तसला.

धप्प. धप्प. आवाज कोपऱ्यातून येत होता.

आत्या बी-चौदापाशी पोचली आणि आवाज थांबला. बंद पडला असा नव्हे. काम करणाऱ्या बायका कोण आलं ते बघायला थांबतात, तसा थांबला. माझ्या डाव्या कानाजवळ कोणीतरी जोरात फुर्र केलं. मी तिकडे बघितलं नाही. म्हशीचंच असणार अशी मी स्वतःची समजूत घातली आणि आयुष्यात पहिल्यांदाच म्हशीचा आधार वाटला.

आत्याने ताट पुढे धरून सोडलं. ताट डुलत खाली गेलं. तांदूळ जागच्या जागी पसरून राहिले, एकेक दाणा वेगळा. नारळ मात्र सरळ वर गेला, पाइपाला टक्कन लागला आणि छताला चिकटून हलत राहिला.

मग ती बोलली. ओठ आधी हलले, आवाज मागून आला, लांबून, दुसऱ्या काठावरून आल्यासारखा.

"म्या पाण्यानं म्हणले हुते. मनात पाण्यानंच हुतं. तोंडात यायचं ऱ्हायलं."

काही झालं नाही. कवडसेसुद्धा थांबले.

"तुला बुजवा म्हणून म्या कशी म्हणंन? धा वर्साची असताना तुज्यात पडले, तूच वर टाकलं. आईनं लई मारलं. तुला ठावं हाय." तिने दोन्ही तळवे पुढे पसरले. "येवढं ऐकून घे. मग उद्या ते काय करायचं ते करू देत."

तेव्हा तळं चढलं.

दुसरा शब्द माझ्याकडे नाही. गारवा गळ्यापर्यंत आला, ओठांवरून गेला, डोळ्यांवरून गेला. उजेड दाट झाला. माझे पाय फरशीवरून सुटले आणि मी दोन गाड्यांच्या मध्ये लोंबकळलो. हवा होती. मला माहीत होतं की हवा आहे. पण छातीला ते पटेना.

"आत्या!"

"हात मार!" ती ओरडली. ती हसत होती. तोंडभर. "कुत्र्यावानी हात मार रं!"

"येत नाही मला!"

"पवाया येत न्हाई? मोहरवाडीचा ना तू? कुणीच शिकवलं न्हाई व्हय तुला?"

"कुठे शिकवणार? तळं भरलं ना तुम्ही!"

हे मी गावचं ऐकून ऐकून बोललो, बुडणारा माणूस जे हाताला लागेल ते धरतो तसं. मग तिने मान वर करून सगळीकडे पाहिलं, छतापर्यंत, नारळापर्यंत, डब्यापर्यंत.

"व्हय की," ती म्हणाली. "आता भरलं बघ. आता बरुबर भरलं."

ती माझ्याकडे आली. आत्या, जिला सोफ्यावरून उठायला माझा हात लागायचा, ती दोन हात मारून आली. माझ्या पोटाखाली तिने तळवा धरला, लहान पोरांच्या पोटाखाली धरतात तसा, आणि म्हणाली, "पाय झाड. मान वर ठेव. मला बघू नगंस, काठाकडं बघ." मग एक हिसका दिला.

मी उतारावर होतो. काँक्रीटवर पालथा, खोकत. कपडे कोरडे. लिंबाजी मला बगलेत धरून वर ओढत होता. मी मागे वळून पाहिलं. ती चालली होती. वाकलेली पाठ सरळ, लांब लांब हात, पांढरी वेणी मागे. ती बी-चौदाला वळसा घालून गेली, कोपऱ्यात गेली. जिथे पी-टूची भिंत आहे तिथे गेली आणि भिंत असायला हवी त्याच्या पुढेही पोहत राहिली. मग उजेड गेला. नेहमीचे ट्यूबलाइट तेवढे राहिले.

काहीतरी धाडकन पडलं. तो नारळ होता.

आम्ही खाली धावलो. साधं चालता येत होतं. आत्या भिंतीशी, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत पडली होती. पातळ कोरडं. केस कोरडे. डोळे मिटलेले, आणि तोंडावर सभेत प्रश्न विचारून खाली बसली तेव्हाचाच भाव. मी तिचा हात हातात घेतला. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, सकाळपासून धुणं धूत बसलेल्या बाईची होतात तशी.

लिंबाजीने पोलिसांना फक्त एकच सांगितलं, "बाई पवाया गेल्या हुत्या." पोलिसांनी त्याचं नाव लिहून घेतलं आणि म्हणणं लिहून घेतलं नाही.

हॉस्पिटलातले डॉक्टर तरुण होते, माझ्याएवढेच. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "फुप्फुसात पाणी भरलं होतं. या वयात हार्टचं असलं की भरतं."

"किती भरलं होतं?"

"पूर्ण." ते थोडे घुटमळले. "तुम्ही कुठे नदीबिदीवर नेलं होतं का त्यांना?"

"नाही. पार्किंगमध्ये होती."

"नाही, पाण्यात थोडं शेवाळ होतं म्हणून विचारलं." मग ते भानावर आले. "हार्टच असणार. मी हार्ट लिहितो."

सोमवारी मुरमाचे ट्रक आले. वर्तक सरांनी काम एक दिवस पुढे ढकलण्याची तयारी दाखवली होती, माणुसकी म्हणून, पण ट्रक आधीच निघालेले होते. मी फाटकात उभा राहून एकेक आत सोडला. पी-टू भरून झालं. आमच्या भागात त्यानंतर कुठल्याही बोअरला पाणी लागलं नाही. टँकर आता दुप्पट येतात. पुढे मी ती नोकरी सोडली आणि पोहायला शिकलो, महापालिकेच्या तलावात, जो वर्षातले बरेच महिने पाण्याअभावी बंद असतो.

राहिला दाखला. आत्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर ठिकाण म्हणून 'पार्किंग' असं लिहिलं आहे. ते मला चालत नाही. एवढी पोहणारी बाई पार्किंगमध्ये गेली असं कोणी वाचलं तर काय म्हणेल? मी त्या खिडकीवर इतकी वर्षं जातो आहे की तिथली माणसं निवृत्त होऊन नवी आली. नव्या बाई सभ्य आहेत. त्या म्हणाल्या, "ठिकाण बदलून मिळतं हो. पण ते ठिकाण असावं लागतं."

मग कसं मागायचं ते मी त्यांनाच विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे मागतो आहे:

तरी, मयत झुंबरबाई यांच्या दाखल्यातील मृत्यूचे ठिकाण 'पार्किंग' हे रद्द करून त्याऐवजी 'मोहरवाडी तळे, मावळतीचा काठ' अशी दुरुस्ती करून मिळावी. सदर ठिकाण महापालिकेच्या हद्दीत अस्तित्वात नसल्यास ते प्रथम अस्तित्वात आणावे व त्यानंतर दुरुस्ती करावी. अर्जदारास कोणतीही घाई नाही. कळावे, ही नम्र विनंती.